टॉवर नसलेला विमानतळ, अल्ट्रालाइट आणि थोडक्यात हुकलेली टक्कर

उडाणटप्पू | रविवार, रात्री १०:४०

कालचा प्रसंग डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतो. इथे विमान उडवणारे चार-पाच जण तरी आहेत हे माहीत आहे. बाकीच्यांना कंटाळा आला तर खुशाल पुढचा धागा उघडा.

मी ओहायोत राहतो. गेल्या वर्षी खासगी वैमानिकाचा परवाना मिळाला, आतापर्यंत एकशेदहा तास झालेत. म्हणजे गाडीचा 'एल' बोर्ड नुकताच काढलाय आणि अंगात थोडी मस्ती आलीय, त्या टप्प्यावर आहे. इकडे लहान विमानतळांवर शनिवारी सकाळी पॅनकेकची न्याहारी असते. आसपासचे लोक विमान घेऊन येतात, खातात, गप्पा मारतात, परत जातात. बायकोला घेऊन अशाच एका ठिकाणी निघालो होतो. विमान क्लबचं, पायपर वॉरियर, पंख खाली असलेलं.

विमानतळ अगदी छोटा. एक डांबरी रनवे, नंबर ०९/२७, त्याच्या उत्तरेला समांतर गवताची पट्टी. कंट्रोल टॉवर नाही. अशा ठिकाणी कोणी परवानगी देत नाही. एकच सामायिक फ्रीक्वेन्सी असते, तिच्यावर आपण कुठे आहोत आणि काय करणार आहोत ते स्वतःच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वारा वायव्येचा होता, म्हणजे रनवे २७, पश्चिमेकडे तोंड करून उतरायचं. मी पूर्वेकडून येत होतो, रनवे नाकासमोर. वळसा कशाला घ्यायचा म्हणून पाच मैलांवरून सरळ फायनलला, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्याला, येत असल्याचं सांगितलं. तीन मैलांवर पुन्हा सांगितलं. वर 'एनी ट्रॅफिक इन द एरिया, प्लीज ॲडव्हाइज' असंही विचारून घेतलं. उत्तर नाही. टॅब्लेटवर आजूबाजूची विमानं दिसतात, तिथेही स्वच्छ. मी निवांत.

जमिनीपासून साधारण चारशे फुटांवर असताना बायको म्हणाली, "अरे, खाली पतंग आहे."

मी म्हटलं, कसली पतंग. तिने उजवीकडे खाली बोट दाखवलं. पिवळ्या कापडाचा पंख, खाली नळ्यांचा सांगाडा, त्यात हेल्मेट घातलेला माणूस. उत्तरेकडून वळून तो गवताच्या पट्टीकडे निघाला होता, पण वाऱ्याने त्याला पुढे ढकललं होतं आणि तो माझ्या रनवेच्या रेषेत सरकत होता. माझ्या खाली, किंचित पुढे. त्याचे बूट दिसले मला. पांढरे स्नीकर. विमानातून दुसऱ्या वैमानिकाचे बूट दिसणं ही काही बरी गोष्ट नव्हे.

पूर्ण पॉवर, नाक वर, थोडं डावीकडे, आणि पुन्हा वर. नंतर पूर्ण वळसा घालून उतरलो. न्याहारी गेली नाही घशाखाली. तो गृहस्थ गवतावर उतरून हँगरमागे निघून गेला होता. त्याला शोधायची हिंमत झाली नाही, खरं सांगायचं तर रागही आला होता. रेडिओ नाही, आपली जागा इतरांना कळवणारा ट्रान्सपॉन्डर नाही, आणि भर फायनलमध्ये हा माणूस खुर्चीत बसून उडतोय.

अनुभवी लोकांनी सांगावं, मी यात काय वेगळं करू शकलो असतो?

---

लिंबूटिंबू | रविवार, रात्री ११:०५

बाप रे. वाचतानाच पोटात गोळा आला.

प्रश्न बाळबोध आहे, हसू नका. अल्ट्रालाइट म्हणजे नक्की काय? आणि 'वळसा' कसला? विमान सरळ येऊन उतरतं अशीच माझी समजूत होती.

---

उडाणटप्पू | रविवार, रात्री ११:२०

हसत नाही. लहान विमानतळावर रनवेभोवती एक आयताकृती वाट ठरलेली असते. अमेरिकेत तिला पॅटर्न म्हणतात, भारतात सर्किट. रनवेला समांतर पण उलट्या दिशेने जायचं ती डाउनविंड, मग काटकोनात वळून बेस, पुन्हा वळून फायनल. साधारण हजार फुटांवर. वेगळं काही सांगितलं नसेल तर सगळी वळणं डावीकडे. थोडक्यात रनवेला प्रदक्षिणा, फक्त देवळाच्या उलट: रनवे कायम डाव्या हाताला.

अल्ट्रालाइटबद्दल जाणकार सांगतील.

---

लिंबूटिंबू | रविवार, रात्री ११:२४

म्हणजे सगळे प्रदक्षिणा घालत असताना तू व्हीआयपी दर्शनाच्या रांगेतून थेट गाभाऱ्यात. :ड

---

मिरचीभजी | सोमवार, सकाळी ७:५०

टप्प्या, सुखरूप आहेस हे महत्त्वाचं. पण असल्या लोकांना विमानतळावर येऊच कसं देतात? आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मनाई आहे. उगाच आहे का? वेगात फरक असला की अपघात होणारच. गवतावर उडायचं तर शेतात जाऊन उडा म्हणावं.

---

कलमकिडा | सोमवार, सकाळी ९:१५

मी टेक्सासमध्ये शिकवतो, विमान उडवायला. आयडीवरून स्वभाव कळला असेलच, तर आधी कलमं.

अमेरिकेत अल्ट्रालाइटचा वेगळा नियमसंच आहे, पार्ट १०३. १९८२ पासून लागू. एकच माणूस बसणार, फक्त हौसेसाठी. इंजिनवालं असेल तर रिकामं वजन २५४ पौंडांच्या आत, म्हणजे सुमारे ११५ किलो. एक बुलेट मोटरसायकल यापेक्षा जड भरेल. इंधन ५ गॅलन, १९ लिटरच्या आत. पूर्ण पॉवरला सरळ उडताना वेग ५५ नॉटपेक्षा (ताशी सुमारे १०० किमी) जास्त नाही, आणि स्टॉल, म्हणजे ज्याच्या खाली पंख यान उचलून धरत नाही तो वेग, २४ नॉटच्या वर नाही. एवढ्यात बसलात तर परवाना नाही, नोंदणी क्रमांक नाही, वैद्यकीय तपासणी नाही, रेडिओची सक्ती नाही. कायद्याच्या भाषेत ते 'एअरक्राफ्ट' नव्हेच, 'व्हेइकल' आहे.

या मोकळीकीची किंमतही आहे. दाट वस्तीवरून उडायचं नाही, टॉवर असलेल्या विमानतळाच्या हद्दीत आधी परवानगी घेतल्याशिवाय शिरायचं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, सगळ्या विमानांना वाट द्यायची. सगळ्या म्हणजे सगळ्या. तेव्हा कागदोपत्री परवा चूक त्याची. तो तुझ्या रेषेत आला.

आता तुझ्याकडे वळतो.

एक, स्ट्रेट-इन, म्हणजे असं सरळ फायनलला येणं, बेकायदा नाही, पण एफएएचं (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) टॉवर नसलेल्या विमानतळांसाठीचं परिपत्रक, ९०-६६, आहे ना, ते पॅटर्नमधून येण्याकडेच झुकतं. कारण साधं आहे. वळसा घालताना विमानतळ तीन बाजूंनी दिसतो. विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) दिसतो, गवत दिसतं, गवतावर काय चाललंय ते दिसतं. सरळ आलास तर फक्त रनवेचं टोक दिसतं.

दोन, ते 'कोणी असेल तर सांगा' प्रकरण. त्याच परिपत्रकात ते वापरू नका असं स्पष्ट लिहिलंय. मी शिकवतो त्या पोरांनी ते तोंडातून काढलं तर कॉफी त्यांच्या पैशाने. उत्तर आलं नाही की मनाला वाटतं आकाश रिकामं आहे. उत्तर न येण्याची दहा कारणं असू शकतात, रिकामं आकाश हे त्यातलं एक.

तीन, आणि हे खरं विचारायचं होतं: निघण्यापूर्वी त्या विमानतळाचं चार्ट सप्लिमेंटमधलं (विमानतळांच्या माहितीची पुस्तिका) पान वाचलं होतंस का? शेवटपर्यंत? शेरे धरून?

---

मिरचीभजी | सोमवार, सकाळी ९:३०

परवाना नाही?? म्हणजे मी उद्या जाऊन विकत घेऊन उडवू शकतो?

---

कलमकिडा | सोमवार, सकाळी ९:३४

कायद्याने हो. शहाणपणाने नाही. :)

---

पाचगॅलन | सोमवार, दुपारी १:१०

आयडी बघून कळलंच असेल मी कोणत्या बाजूचा आहे. पेनसिल्व्हेनियात राहतो. क्विकसिल्व्हर अल्ट्रालाइट आहे, जुनं, दोन स्ट्रोक रोटॅक्स इंजिन. मिरचीभजी, रागावत नाही तुमच्यावर, मीही तुमच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं. पण दुचाकीचा दाखला इथे पुरता लागू पडत नाही, कारण आम्हाला त्याच रस्त्यावर चालायला कोणी सांगितलेलंच नाही. आमचा रस्ता वेगळा आहे.

कलमकिडांनी उल्लेखलेल्या परिपत्रकातच आमच्याबद्दल लिहिलंय. अल्ट्रालाइटने मोठ्या विमानांच्या पॅटर्नपेक्षा ५०० फूट खाली आणि आतल्या बाजूने फिरायचं. म्हणजे तुम्ही हजारावर, आम्ही पाचशेवर. उतरायला वेगळी पट्टी असेल तर सहसा आमचा पॅटर्न रनवेच्या दुसऱ्या बाजूला असतो, वळणं उलटी. तुमची डावीकडे तर आमची उजवीकडे. (देवळासारखी प्रदक्षिणा आम्हीच घालतो, बघा.)

हे असं का, ते नुसत्या आकड्यांतून कळत नाही. डाउनविंडला सेस्ना किंवा वॉरियर ९० नॉटने जातं, मी ४०ने. एकाच वाटेवर असलो तर फरक ५० नॉटचा. अर्धा सागरी मैल मागे असलेला माणूस ३६ सेकंदांत माझ्या शेपटीवर. आणि त्या ३६ सेकंदांत मी त्याला बघणार कसा? आरसा लावलेले आहेत काही जण, पण थरथरणाऱ्या नळीवरच्या आरशात ढगही नीट दिसत नाही.

दुसरं, दोन स्ट्रोक इंजिन कधी रुसेल सांगता येत नाही. माझं दोनदा रुसलंय. आमचं यान इंजिन बंद पडल्यावर फार लांब तरंगत नाही, पंखाला तारा, नळ्या, सगळा पसारा हवेला अडवतो. म्हणून कायम पट्टीच्या हाताशी राहायचं. तुमच्यासारखा मैलभर लांब डाउनविंड मी काढला आणि इंजिन गेलं तर मक्याच्या शेतात.

तिसरी गोष्ट फार कमी वैमानिकांना ठाऊक असते. तुमच्या पंखांच्या टोकांतून भोवरे निघतात आणि ते हळूहळू खाली बसतात. मोठ्या जेटचे भोवरे तुम्हाला उलथवतात, तसे तुमच्या वॉरियरचे आम्हाला. माझं यान माझ्यासकट दोनशे किलो भरतं. टप्पू, तू त्याच्या वरून पूर्ण पॉवर देऊन पुढे गेलास. तुला बूट दिसले म्हणतोस. त्याच्या अंगावरून काय गेलं असेल याचा मी विचार करतोय.

---

उडाणटप्पू | सोमवार, दुपारी १:४५

हे डोक्यातच आलं नव्हतं.

---

कामशेतकर | सोमवार, संध्याकाळी ६:२०

मी इंजिनवाला नाही, पॅराग्लायडिंगवाला. कामशेतला उडतो, पवना धरणाच्या बाजूला. आमच्याकडे रेडिओवर फक्त शिकाऊ लोकांशी बोलतात, बाकी सगळं नजरेने. डोंगराच्या कडेने वाऱ्यावर तरंगताना समोरासमोर दोघे आले तर नियम असा: ज्याच्या उजव्या हाताला डोंगर तो सरळ जाणार, ज्याच्या डाव्या हाताला डोंगर त्याने बाहेर सरकायचं. कारण उजवीकडे डोंगर असलेल्याला सरकायला जागाच नाही.

पण सुट्टीच्या दिवशी हवेत पंधरा-वीस जण असले की मी नियमावर विसंबत नाही, समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. त्याने मला पाहिलं का? मान वळली का? मान वळली नाही तर माझा हक्क असला तरी मीच सरकतो. पॅराग्लायडर हळू असतो म्हणून हे जमतं, तुमच्या ७० नॉटला कसं जमणार ते मला माहीत नाही.

---

जुनासर्किट | सोमवार, रात्री ९:००

दोन दिवस वाचतोय, आता राहवत नाही. वय ६८, आयुष्य विमान शिकवण्यात गेलं, बराचसा काळ महाराष्ट्रातल्या लहान धावपट्ट्यांवर.

आधी एक खुलासा. आपल्याकडे अमेरिकेसारखा 'काहीच लागत नाही' वर्ग नाही. आपल्याकडे मायक्रोलाइट म्हणतात, आणि त्यावर 'व्हीटी' अक्षरांनी नोंदणी क्रमांक असतो, चालवणाऱ्याला डीजीसीएचा, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाचा, परवाना लागतो. एनसीसीच्या एअर विंगमध्ये जी मुलं होती त्यांच्यापैकी कित्येकांची पहिली भरारी मायक्रोलाइटमध्येच झाली. आधी झेन एअर, नंतर व्हायरस एसडब्ल्यू ८०. इथे कोणी जुना कॅडेट असेल तर हात वर करा.

सर्किटमध्ये पाच शिकाऊ फिरत असतात तेव्हा मी मुलांना एकच काम द्यायचो: क्रमांक सांगा. तुमच्या पुढे किती, मागे किती. 'सर, तिसरा' म्हणाला की विचारायचं, पहिला दिसतोय का? दिसत नसेल तर तू तिसरा नाहीस, तू फक्त अंदाज करतोयस. बेसला वळायचं नाही, डाउनविंड लांबव. मुलं वैतागायची.

टप्पू, तुझं विमान खालच्या पंखाचं, त्याचं वरच्या पंखाचं. तू वरून खाली येतोयस, तुझ्या खालचं तुझ्या पंखाने झाकलंय. तो खाली आहे, त्याच्या वरचं त्याच्या पंखाने झाकलंय. दोघेही डोळे फाडून बघत असलात तरी एकमेकांना दिसणार नाही अशी ही जोडी आहे. पुस्तकात याचं चित्र असतं, सगळे परीक्षेपुरतं पाठ करतात. म्हणून उतरताना मधून मधून पंख जरा कलवून खाली बघायचं असतं. तुझ्या शिक्षकाने हे सांगितलं नसेल तर आता मी सांगितलं.

आणि बायकोला माझा नमस्कार सांग.

---

लीड्सकर | सोमवार, रात्री ११:३०

इंग्लंडमधून. इथे मायक्रोलाइटचा परवाना लागतो, आणि २०२१ पासून वजनाची मर्यादाही वाढून ६०० किलो झालीय, त्यामुळे काही मायक्रोलाइट तुमच्या सेस्नाच्या मागे बिनधास्त लागतील.

इथली पद्धत मला आवडते. लहान एअरफील्डवर यायचं तर आधी दोन हजार फुटांवरून बरोबर डोक्यावर यायचं. वरून विंडसॉक बघायचा, कोण कुठे फिरतंय ते बघायचं, मग सर्किट नसलेल्या बाजूला उतरत हजार फुटांवर यायचं, रनवेचं पलीकडलं टोक ओलांडून डाउनविंडला लागायचं. त्या रिकाम्या बाजूला 'डेड साइड' म्हणतात. पहिल्या दिवशी शिक्षकाने 'डिसेंड ऑन द डेड साइड' म्हटलं तेव्हा मला वाटलं हे माझ्याबद्दल चाललंय.

---

कलमकिडा | मंगळवार, सकाळी ८:४०

लीड्सकर, पद्धत चांगली आहे पण टप्पूच्या विमानतळावर ती जशीच्या तशी आणली तर घोटाळा होईल. तिथे 'डेड साइड'ला म्हणजे उत्तरेला पाचगॅलनसारखे लोक पाचशेवर फिरतायत. डेड साइड तिथे जिवंत आहे.

जुनासर्किट काकांच्या मुद्द्याला जोडून. एफएएच्या एका जुन्या परिपत्रकात हिशेब आहे: समोर काही आहे हे डोळ्याला दिसण्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत १२.५ सेकंद जातात. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ दोनच गोष्टींत: हे माझ्यावरच येतंय हे उमगायला ५ सेकंद, काय करायचं ते ठरवायला ४. हात हलायला अर्धं सेकंदही लागत नाही. म्हणजे डोकं धिमं, हात नाही. टप्पू ७५ नॉटने, तो ३५ने, दोघे एकाच दिशेला असं धरलं तरी साडेबारा सेकंदांत अंतर अडीचशे मीटरने कमी होतं. अडीचशे मीटरवरून मागून बघितलेलं क्विकसिल्व्हर म्हणजे आडवी काडी. आणि टक्कर होणारी वस्तू काचेवर सरकत नाही, एकाच जागी थांबलेली असते. डोळा हलणारं टिपतो, थांबलेलं सोडून देतो. म्हणून आकाशाचे दहा-दहा अंशांचे तुकडे करून प्रत्येकावर किमान सेकंदभर थांबायचं. नुसती नजर फिरवली तर काहीही दिसत नाही.

स्ट्रेट-इनबद्दल ज्यांना वाटतं मी उगाच ताणतोय त्यांनी वॉटसनव्हिल आठवावं. कॅलिफोर्निया, १८ ऑगस्ट २०२२. टॉवर नसलेला विमानतळ. छोटं सेस्ना १५२ पॅटर्नमध्ये, दोन इंजिनांचं सेस्ना ३४० सरळ फायनलला, वेग सुमारे १८० नॉट. दोघेही रेडिओवर बोलत होते, एकाच फ्रीक्वेन्सीवर. तीन माणसं गेली. तिथे अल्ट्रालाइट नव्हतं, बिनरेडिओचा कोणी नव्हता. तेव्हा 'त्याच्याकडे रेडिओ असता तर' हे वाक्य मी जरा जपून वापरतो.

टप्पू, सप्लिमेंट?

---

मिरचीभजी | मंगळवार, सकाळी ९:०५

सप्लिमेंटचं उत्तर टाळतोय बहुतेक. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

उडाणटप्पू | मंगळवार, रात्री ८:१५

टाळत नव्हतो. लाज वाटत होती.

काल रात्री पान उघडलं. रनवेची लांबी, इंधन, फ्रीक्वेन्सी एवढं मी शुक्रवारी वाचलं होतं. शेऱ्यांमध्ये हरणांचा इशारा आहे, तोही वाचला होता. त्याच्या पुढच्याच ओळीत लिहिलंय की विमानतळावर आणि परिसरात अल्ट्रालाइट उडतात, गवताच्या पट्टीवर, उत्तरेकडून, ५०० फुटांवर. एक ओळ. हरणांपर्यंत येऊन मी थांबलो होतो.

आज कामावरून लवकर निघालो आणि गाडीने तिकडे गेलो. हँगरमध्ये तो भेटला. वय सत्तरीच्या पुढे, रंगाचा डबा घेऊन कसलीशी नळी रंगवत होता. पायात तेच स्नीकर. मी ओळख दिली तेव्हा म्हणाला, अच्छा, तो पांढरा पायपर. मला वाटलं आता ओरडणार. त्याने खुर्ची पुढे सरकवली.

त्याची बाजू अशी. बेसला दक्षिणेकडे तोंड असताना डावीकडे बघितलं होतं, पण मी वर होतो आणि वर त्याचा पंख. वारा मागून आला, वळण उशिरा पूर्ण झालं आणि डांबराच्या रेषेत गेलो, हे त्याने स्वतःच सांगितलं. 'ती चूक माझी,' म्हणाला. मी वरून गेल्यावर दोन-तीन सेकंदांनी डावा पंख असा खाली गेला की काठी पूर्ण उजवीकडे लावूनही काही होईना. सुमारे शंभर फूट खाली आला तेव्हा सरळ झाला. हे सगळं तो नळी रंगवता रंगवता सांगत होता. मी मात्र खुर्चीच्या कडेवर.

रेडिओबद्दल विचारलं. हातातला सेट होता एक, पण मागे पंखा आणि इंजिन, डोक्यावर हेल्मेट, आपण काय बोललो ते पलीकडे घरघर म्हणूनच पोचायचं. लोक वैतागून 'कोण बोलतंय' विचारायचे. त्याने नाद सोडला.

पाचगॅलन, तुमचं म्हणणं मी त्याला सांगितलं. भोवऱ्याबद्दल तो नुसता हसला.

---

पाचगॅलन | मंगळवार, रात्री ९:००

गाडीने जाऊन भेटलास, हे फार कमी लोक करतात. बहुतेक जण तक्रार ठोकतात, मग विमानतळाची समिती बैठक घेते आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणून आम्हाला बाहेर काढते.

रेडिओचं मात्र मी त्याच्याशी सहमत नाही. आता हेल्मेटमध्ये बसणारे, आवाज गाळणारे हेडसेट मिळतात. मी घेतलाय. फायनलला वळताना दोन वाक्यं बोलतो. त्याला माझ्याकडून सांग.

---

लिंबूटिंबू | मंगळवार, रात्री ९:२०

एक शंका. ओशकोशच्या विमान मेळाव्याला म्हणे आठवडाभर हजारो विमानं उतरतात, तिथे अल्ट्रालाइटही असतात. तिथे कसं चालतं मग?

---

कलमकिडा | मंगळवार, रात्री १०:१०

चांगला प्रश्न. तिथे वाटा अक्षरशः आखलेल्या असतात. विस्कॉन्सिनमधल्या त्या मेळाव्यात येणारी विमानं रिपन गावावरून एका ओळीत लागतात, फिस्ककडे रेल्वेच्या रुळावरून, पुढच्याच्या मागे अर्धा मैल, ९० नॉटला १८०० फुटांवर. ज्यांना ९० नॉटने हळू जाणं जमत नाही ते १३५ नॉटला २३०० फुटांवर. फिस्कला जमिनीवर बसलेले कंट्रोलर रंग आणि आकार बघून बोलावतात: पिवळं, वरच्या पंखाचं, पंख हलव. वैमानिक बोलत नाही, पंख हलवतो.

अल्ट्रालाइटना यात घेतच नाहीत. दक्षिणेला त्यांची वेगळी गवताची पट्टी आहे, वेगळा बुटका पॅटर्न. मोठी विमानं तिकडे फिरकत नाहीत. म्हणजे मिरचीभजींच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे: वाटा वेगळ्या हव्यात. फक्त दोन्ही वाटांवरच्या लोकांना दुसरी वाट आहे हे माहीत हवं.

टप्पू, अजून दहा दिवस झालेले नाहीत. नासाच्या सुरक्षा रिपोर्टिंग योजनेत हा प्रसंग लिहून पाठव. १९७६ पासून चालू आहे, नाव गुप्त राहतं, मुदतीत पाठवलंस तर अनवधानाने झालेल्या चुकीसाठी दंडापासूनही संरक्षण मिळतं. सप्लिमेंटची ओळ वाचली नाही हेही लिही. तेच वाचण्यासारखं असतं.

---

मिरचीभजी | मंगळवार, रात्री १०:१८

'थोडं तथ्य' याची मी स्क्रीनशॉट काढून फ्रेम करतोय.

---

जुनासर्किट | बुधवार, सकाळी ६:३०

तुमच्या त्या ओशकोशच्या पंख हलवण्यावरून आठवलं. आमच्या एका धावपट्टीवर रेडिओ बंद पडला की शिकाऊ मुलाने रनवेवरून जाताना पंख हलवायचे असा रिवाज होता. एकाने इतक्या जोरात हलवले की खाली चहा घेऊन उभा असलेला मेकॅनिक हात वर करून पळत सुटला, त्याला वाटलं विमान पडतंय. चहा सांडला, मुलगा व्यवस्थित उतरला. आज तो मोठ्या विमानाचा कॅप्टन आहे.

मुंबईच्या लोकांसाठी अवांतर: १९७२ मध्ये एका परदेशी कंपनीचं डीसी-८ हे मोठं प्रवासी जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं होतं. त्यामुळे 'समोर दिसतोय तोच आपला रनवे' असं म्हणताना जरा थांबावं.

---

उडाणटप्पू | बुधवार, रात्री ९:४०

नासाला रिपोर्ट पाठवला. विमानतळाच्या व्यवस्थापकांना फोन केला, त्यांनी न्याहारीच्या दिवशी दाराशी अल्ट्रालाइट पॅटर्नचा नकाशा लावायचं कबूल केलं. पण दाराशी नकाशा वाचणारा आधीच उतरलेला असतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

येत्या शनिवारी पुन्हा जातोय. आधी सगळं पान वाचून, वरून एकदा बघून, मग दक्षिणेच्या बाजूने ४५ अंशांत डाउनविंडला. म्हातारबुवांनी सांगितलंय, ते साडेआठपर्यंत उडतात आणि मग पॅनकेकला येतात.

---

मिसेस_टप्पू | बुधवार, रात्री १०:२५

नवीन खातं काढलंय, फक्त यासाठी. तीन दिवस हा माणूस रात्री लॅपटॉपसमोर बसून काय करतोय ते आज वाचलं.

पतंग मी पाहिली होती. एवढ्या मोठ्या धाग्यात मला दीड ओळ आहे, आणि एक नमस्कार, जो मला पोचवलेला नाही. काका, धन्यवाद.

मला का दिसली तेही सांगते. फोनला रेंज नव्हती. हा टॅब्लेटकडे बघत होता, मी कंटाळून खाली कोणाच्या अंगणात कपडे वाळत घातलेत ते बघत होते. आधी वाटलं चादर आहे पिवळी. मग चादरीला हेल्मेट दिसलं.

शनिवारी टॅब्लेट माझ्या पर्समध्ये असेल. आणि मी त्यांच्यासाठी चिवडा केलाय, स्नीकरवाल्यांसाठी.